पुरावा मातीतच ठेवून आलात!

बसा खाली. आणि ते एकमेकांकडे बघून हसणं आधी बंद करा.

शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेतलेली तुम्ही पोरं. पावसाळ्यात बोथ्याच्या रानात फिरायला जाता, येताना कॅरीबॅग भरून अळंबी आणता. थोडी गच्चीवर वाळत घालता, थोडी तेलात बुडवून बरणीत भरता, उरलेली रात्रीच्या रश्शासाठी वसतिगृहात ठेवता आणि बरणीवर चिठ्ठी डकवता, ‘टर्मिटोमायसिस, खाण्यायोग्य’. हे ठरवलं कोणी? ‘सर, फोनवर फोटो टाकला, त्यानं सांगितलं.’ वा! मग माझी नेमणूक कशाला? फोनलाच खडू द्या.

शिजवण्याआधी तुमच्यातल्या एकीला शंका आली आणि पिशवी माझ्या टेबलावर पोचली, म्हणून आज मी नुसता बोलतोय. तिचं कौतुक करीन, पण अर्धंच. पिशवी भरत होती तेव्हा तीही गप्पच होती.

ती पिशवी मी टेबलावर ओतली. एकूण एक छत्री जमिनीलगत कापलेली. सुरीनं, अगदी सफाईनं, हाताला चिखल लागू नये म्हणून. तुमचा पहिला आणि सर्वांत मोठा गुन्हा हाच. ही अळंबी खाण्याची की मरणाची, याचा निम्मा पुरावा जमिनीखाली होता. तो तुम्ही तिथंच ठेवून आलात आणि इथं येऊन निकाल सांगताय!

आता वही उघडा. ज्या नावाची चिठ्ठी डकवलीत, त्या नावाचा अर्थ तरी माहीत आहे का? टर्मिटोमायसिस म्हणजे वाळवीची बुरशी. हा वंश फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये वेगळा काढला. आपल्या दक्षिण भारतातली एक जात के. नटराजन यांनी १९७९ मध्ये वर्णन केली आणि हाइम यांच्याच नावावरून तिला टर्मिटोमायसिस हेइमी म्हटलं. पूर्व विदर्भातले लोक पावसाळ्यात जिला सात्या म्हणून हौसेनं खातात, कोकणातले अळंबी आणि गोव्यातले अळमी म्हणून जिची वाट पाहतात, ती बहुतेक करून याच वंशातली.

ही बुरशी एकटी उगवत नाही. जमिनीखाली वाळवी तिची शेती करते. कामकरी वाळव्या सुकं लाकूड, पाचोळा खातात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे थर रचून स्पंजासारखी जाळीदार बाग बांधतात. त्या बागेवर बुरशी वाढते, लाकडातला वाळवीला न पचणारा भाग फोडून देते आणि वाळवी ती बागच खाते. सुमारे तीन कोटी वर्षांचा हा संसार आहे. पावसाळ्यात त्या बागेतून बुरशी एक लांब, मुळासारखा निमुळता देठ वर सोडते. कधी वीतभर, कधी हातभर माती भेदून तो वर येतो. माती फोडता यावी म्हणून टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा असतो.

म्हणजे तिची मुख्य ओळख कोणती? जमिनीत खोल उतरत जाणारा तो मुळासारखा देठ आणि त्याच्या तळाशी वाळवीची बाग. तुम्ही कापलंत कुठं? बरोबर त्याच्या वर.

आता दुसरी बाजू. अमानिटा हा वंश तुम्ही पाठ केलाय, परीक्षेत त्याची आकृतीही काढलीय. टोपी, कल्ले, देठ, देठावर कडं आणि तळाशी पिशवीसारखा पेला. तो पेला कुठं असतो? पुष्कळदा मातीत, पानांच्या कुजलेल्या थराखाली. जमिनीलगत कापलेल्या अमानिटाला पेला नसतो, कारण तो तुम्ही मागं ठेवलेला असतो. खाण्याच्या अळंबीची खूण आणि विषाची खूण, दोन्ही तुमच्या सुरीच्या खाली राहिल्या. आकृतीत पेला काढला म्हणून मी दोन गुण दिले होते. ते परत घ्यावेत असं वाटतंय.

मागच्या बाकावरचा कोणीतरी लगेच नियम करील, पेला दिसला की विष. चूक! गवताच्या, भाताच्या पेंढ्यावर उगवणारी व्हॉल्व्हेरिएला ही उत्तम खाद्य अळंबी आहे, आणि तिलाही तळाशी पेला असतो. तिचे बीजाणू गुलाबी, अमानिटाचे पांढरे. हा फरक न बघितल्यामुळं काय झालं ते सांगतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत, कॅलिफोर्नियात गेलेल्या कुटुंबांनी तिथल्या जंगलात आपली ओळखीची पेंढ्याची अळंबी दिसली म्हणून आनंदानं तोडली. ती डेथ कॅप होती, अमानिटा फॅलॉइडिस. ती अडाणी माणसं नव्हती. आपल्या गावची अळंबी त्यांना तुमच्यापेक्षा शंभरपट चांगली कळत होती. फक्त गाव बदललं होतं. एका जागेचं ज्ञान दुसऱ्या जागी जसंच्या तसं वापरलं की असं होतं.

आणि ‘टर्मिटोमायसिसला देठावर कडं नसतं’ हेही पाठ करून बसू नका. हेइमीला असतं. एका खुणेवर ओळख पटत नाही. सगळ्या खुणा एकत्र जुळाव्या लागतात आणि एक जरी विरोधात गेली तरी टोपली रिकामी करावी लागते.

आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी बीजाणूंचा ठसा घेतला? हात वर. एकही नाही. कसा घ्यायचा हे पहिल्या वर्षाला शिकवलंय. अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद. देठ काढलेली टोपी कल्ले खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी कागदावर रंग उतरतो. खर्च शून्य, मेहनत शून्य, लागतो फक्त धीर. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर मलई रंगाचा. अमानिटाचा पांढरा. आणि तुमच्या पिशवीतल्या त्या चार मोठ्या, खवलेदार छत्र्यांचा ठसा मी काल घेतला. बघा हा कागद. हिरवा! हे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. पावसाळ्यात हिरवळीवर, मैदानावर, बागेत हमखास उगवतं. कोवळं असताना कल्ले पांढरे असतात, पुढं हिरवट राखाडी होतात. तुम्ही कोवळी तोडलीत, ‘कल्ले पांढरे’ अशी नोंद केलीत आणि मोकळे झालात. हे खाल्लं की एक ते तीन तासांत ओकाऱ्या, जुलाब, पोटात पीळ. बहुधा जीव वाचतो, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस पाणी कमी होऊन पार आडवं होतं.

या चार छत्र्या बोथ्याच्या नव्हेतच. परत येताना कुठल्या तरी मैदानावर दिसल्या म्हणून पिशवीत टाकल्यात ना? गप्प का झालात? वेगवेगळ्या जागची, वेगवेगळ्या जातीची अळंबी एकाच पिशवीत कोंबली, हा दुसरा गुन्हा. कोणती कुठली, कोणत्या झाडाखालची, मातीतली की शेणावरची, काही उरलं नाही. जागा हीसुद्धा खूण असते. ती तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलीत.

फोनचं म्हणाल, तर फोटो वरून काढलेला. वरून दिसते टोपी. कल्ले दिसत नाहीत, तळ दिसत नाही, वास येत नाही, बीजाणू दिसत नाहीत. ज्याला पुरावाच दाखवला नाही, त्यानं दिलेला निकाल तुम्ही मानलात. फोन चुकला तर त्याचं यकृत जात नाही.

घरून आणलेली शास्त्रंही आज एकदाची निकालात काढू. चांदीचा चमचा काळा पडला तर विष. खोटं. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बघायचा. खोटं. किडे, गोगलगायी खातात ते आपणही खावं. खोटं, काही माशांच्या अळ्या अमाटॉक्सिन, म्हणजे डेथ कॅपमधलं विष, पचवून त्याच छत्रीत मजेत वाढतात. उकळून पहिलं पाणी फेकलं की विष जातं. खोटं, अमाटॉक्सिन उकळून, तळून, भाजून नष्ट होत नाही. वाळवलं की विष उडतं. तेही खोटं, वाळल्यावर फक्त पाणी उडतं. ज्यानं हे नुस्खे सांगितले तो तुम्हाला दवाखान्यात पोचवायला येणार नाही.

या अमाटॉक्सिनचा स्वभाव ऐका, मग हसा. खाल्ल्यावर सहा तास काही होत नाही. कधी बारा, कधी चोवीस तास नाही. तोवर जेवण पचलं, भांडी घासून झाली, शेजाऱ्यांनाही वाटी गेली. मग जोराच्या ओकाऱ्या आणि जुलाब. मग दुसऱ्या दिवशी बरं वाटतं! घरचे म्हणतात, उतरलं. दवाखान्यात असेल तर माणूस घरी यायला निघतो. त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीत आरएनए बनवणारं विकर बंद पाडतं आणि पेशीला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. पुष्कळांना मग यकृत प्रत्यारोपणाशिवाय वाट उरत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये वरच्या आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली. बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतली, त्यांत मुलंही होती. ती पोटासाठी रानात गेली होती. तुम्ही कशासाठी गेला होतात? रीलसाठी.

मला माहीत आहे, कोणीतरी आता युक्तिवाद करील, ‘सर, डेथ कॅप युरोपातल्या ओकाखालची. आपल्याकडं साग, सालई, धावडा, अंजन. इथं ती कुठून येणार?’ अभ्यास केलाय, चांगलं. पण अर्धा. अमाटॉक्सिन फक्त अमानिटात असतं असं कुठल्या पुस्तकात वाचलंत? लेपिओटा वंशातल्या काही लहान, खवल्यांच्या छत्र्यांतही ते असतं. त्यांना ना पेला, ना ओकाच्या झाडाची गरज. त्या पाचोळ्यात उगवतात, घराच्या बागेत उगवतात. म्हणून शिकाऊ माणसानं लहान टोपीची पांढरी-तपकिरी छत्री खाण्यासाठी उचलूच नये. अभ्यासासाठी उचला, नोंद करा, हात धुवा.

आता त्या रीलबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, भिलाला, कोरकू वस्त्या आहेत. तिथल्या जाणत्या बाईला वारूळ माहीत असतं, झाड माहीत असतं, कोणत्या पावसानंतर किती दिवसांनी जायचं ते माहीत असतं. ती वारुळापाशी जाते, रानात भरकटत नाही. तिला ते आईनं दाखवलं, आईला आजीनं. तुमच्या-माझ्या घरांत काय होतं? मनुस्मृतीनं छत्राकं अभक्ष्य ठरवलेली, आपण त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणत लाथ मारून पुढं गेलो. म्हणजे हे ज्ञान तुम्हाला वारशानं आलेलं नाही. ते मागावं लागेल, शिकावं लागेल, चार पावसाळे कोणाच्या तरी मागून चालावं लागेल. तुम्ही मागच्या महिन्यात त्या वस्तीवर गेलात, बाईच्या तोंडासमोर मोबाइल धरलात, ‘मावशी, किलोला काय भाव?’ एवढंच विचारलंत आणि वारुळाची जागा नकाशासकट जगाला दाखवलीत. ती जागा तिच्या घराची शिदोरी आहे. व्हिडिओ आजच्या आज काढून टाका. हे मी सुचवत नाही, सांगतोय.

कायदाही ऐका. बोथ्याचं रान ज्ञानगंगा अभयारण्यात आहे. ते १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. तिकडं संग्रामपूरच्या बाजूला अंबाबरवा अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणं अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज बाहेर आणता येत नाही. अळंबीही त्यात आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिलाय, तो रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांना. दुचाकीवरून डबा घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना नव्हे.

कोणी म्हणेल, सर आधी म्हणाले पुरावा जमिनीखाली आहे, म्हणजे खणा, आणि आता म्हणतात हात लावू नका. नीट ऐका. ओळख पटवण्यासाठी, परवानगीच्या जागी, शेताच्या बांधावर, एक नमुना शेवटपर्यंत खणून काढायचा. एकच. बाकीच्या हलक्या हातानं पिरगाळून घ्यायच्या आणि खालच्या बागेला धक्का लावायचा नाही. वारूळ फोडलं की पुढच्या वर्षीचं पीकही गेलं. आणि सगळ्या कळ्या तोडून आणायच्या नाहीत. पावसाच्या सुरुवातीला पंखवाली वाळवी उडते, जोडी नवं घर मांडते. पुढं तिच्या कामकऱ्यांना नव्या बागेसाठी बी लागतं आणि बहुतेक जातींत ते या उमललेल्या छत्र्यांच्या बीजाणूंतूनच मिळतं. एकही छत्री उमलू दिली नाही तर ते बी येणार कुठून? गोव्यातले कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी वारुळावरच्या अळंबीच्या बेसुमार तोडणीबद्दल वर्षानुवर्षं लिहिलंय. तिथं बाजारात भाव चढले आणि रान ओरबाडलं गेलं. तुम्हाला तेच इथं आणायचंय?

आता तुमच्या साठवणुकीकडं वळू. तिसरा गुन्हा, आणि तोही साधा नाही.

ताजी अळंबी तुम्ही रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलीत. अळंबीत जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. पिशवीत ती घामेजते, काळवंडते, सडते. चांगली खाद्य अळंबीसुद्धा अशी सडल्यावर पोट बिघडवते. आणायची ती वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीत, आणि त्याच दिवशी निवडायची. गच्चीवर तुम्ही ती आषाढात वाळत घातलीत! ढगाळ हवेत, अख्खीच्या अख्खी, धुऊन. बघा, वरून सुरकुतली आणि आतून बुरशी आली.

वाळवायची रीत अशी. धुवायची नाही, ओल्या फडक्यानं किंवा कुंच्यानं माती काढायची. उभी चिरायची, म्हणजे आतल्या अळ्या दिसतात. किडकी फेकायची. सुपात किंवा जाळीवर एकेरी थरात पसरायची. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहायचं नाही. चुलीच्या वरच्या फळीवर किंवा साधारण पन्नास अंशांच्या आसपास वाळवणीयंत्रात, हवा खेळती ठेवून वाळवायची. वाकवली तर कडकन मोडली पाहिजे. वाकली आणि मोडली नाही, तर अजून ओली आहे. किलोभर ताजीची शंभरेक ग्रॅम होते. ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची. वर जागा, तारीख आणि ओळख पटवणाऱ्याचं नाव लिहायचं. आपलं नाव लिहायला हात कचरला, तर बरणी भरायची नाही. आणि हे सगळं ओळख पटल्यावर. वाळलेल्या चकतीला पेला नसतो, मूळ नसतं, ठसा पडत नाही. तिथं कोणताही तज्ज्ञ नुसत्या डोळ्यांनी तुमच्या उपयोगी पडणार नाही.

आणि ती तेलाची बरणी! मातीतून आलेल्या वस्तूवर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. अळंबी आंबट नाही, तेलाखाली हवा नाही, खोलीत ऊब आहे. बॉट्युलिझमला आणखी काय हवं? हे सूक्ष्मजीवशास्त्र तुम्ही दोन सत्रं शिकलात आणि स्वयंपाकघरात जाताच विसरलात. बरणी मी फेकली. परत मागायला येऊ नका.

यापुढचं नीट लिहून घ्या. पुढच्या तासाला प्रत्येकानं एक ठसा आणायचा, मैदानावरच्या कोणत्याही छत्रीचा, जागा आणि तारखेसह. एक नमुना तळापासून खणलेला, कागदी पाकिटात. खायचा नाही, चाखायचा नाही. कोणाच्याही घरी कोणी रानातली अळंबी खाऊन ओकायला लागलं, तर मीठपाणी, ताक, लिंबू असले प्रयोग करायचे नाहीत. १०८ ला फोन करायचा आणि उरलेली कच्ची अळंबी, शिजलेली भाजी, फेकलेले देठसुद्धा कागदात गुंडाळून डॉक्टरांकडं न्यायचे. लवकर ओकाऱ्या आल्या म्हणून अमाटॉक्सिन नाही असं समजायचं नाही. पिशवीत दोन जाती असू शकतात, तुमच्यात होत्याच. आणि बरं वाटलं तरी डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी यायचं.

जिभेला अळंबीच हवी असेल, तर वाट सोपी आहे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचं कुटार पडून असतं. त्यावर धिंगरी अळंबी उत्तम येते. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जा, शिका. कुटार भिजवायचं, गरम पाण्यातून निर्जंतुक करायचं, निथळून पिशव्यांत बियाण्यासह भरायचं आणि ओलावा सांभाळायचा. तीन-चार आठवड्यांत तोडणी. तिचं नाव तुम्हाला आधीच माहीत असतं, बरणीवर बिनघोर लिहा.

वारुळावरच्या अळंबीची परीक्षा मी पुढच्या पावसाळ्यात घेईन. तोवर तुमच्यापैकी एकानंही रानातली छत्री तोंडात घातली, तर त्याला या प्रयोगशाळेत जागा नाही. जो तळापर्यंत खणत नाही, त्यानं वरचं खाऊ नये. उठा, आणि ती पिशवी खड्डा करून पुरून या.